तंटा क्रमांक एक

तांब्यात मी स्वतःच्या हाताने दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या. ग्रामसभेसमोर तो उलटा केला तेव्हा टेबलावर पाच पडल्या.

"भाऊसाहेब, ह्या इतक्या कशा?" हणमंततात्या नागटिळकांनी विचारलं.

"व्याल्या असतील," मी म्हणालो.

मागे कोणीतरी हसलं. मला मात्र हसू येत नव्हतं. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, कवठवाडीचा ग्रामसेवक होतो, आणि एका माणसाचं नाव वहीत लिहिण्यासाठी भरवलेली ही चौथी ग्रामसभा होती.

मी एकेक चिठ्ठी उलगडून वाचली. तिनांवर भागवतआबा काळदात्यांच्या धाकट्या भावाचं नाव, दोनांवर तात्यांच्या चुलतभावाचं. माझ्या अक्षरातल्या दोन ओळखू येत होत्या. बाकीच्या तीन वहीच्या चौकटीच्या कागदावर होत्या. मधे चहा आला तेव्हा सगळे टेबलाभोवती गोळा झाले होते, त्याच गर्दीत हा कारभार उरकला होता.

"आबा, तुमी दोन टाकल्या?" तात्या ओरडले.

"आन् तू न्हाई टाकली?"

"म्या एकच टाकली! तुमी दोन!"

एवढं प्रामाणिक भांडण मी पुन्हा पाहिलं नाही.

ही निवड होती गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाची. त्या काळी गावोगावी ही समिती होत होती. गावातल्या माणसांनीच अध्यक्ष निवडायचा, त्याने बांधावरची भांडणं, मारामाऱ्या, दारूचे गुत्ते यांच्या तक्रारी नोंदवून घ्यायच्या, मिटतील त्या मिटवायच्या आणि उरलेल्या पोलीस ठाण्याला कळवायच्या. बीटचा जमादार महिन्यातून एकदा येऊन वही बघणार. म्हणजे गावच्या शांततेची किल्ली ज्याच्या हातात द्यायची तो माणूस गावाने हात वर करून ठरवायचा. कागदावर फार सुंदर योजना होती. ती कवठवाडीत राबवायला मला ठेवलं होतं, हे माझं नशीब.

पहिल्या सभेला कोरमसाठी शंभर माणसं लागत होती, आली अकरा, त्यातली चार बाहेर ऊन होतं म्हणून. दुसरी सभा खुर्च्यांवरून मोडली. आबांच्या खुर्चीला हात होते आणि तात्यांच्या खुर्चीला नव्हते. तिसऱ्या वेळी तात्यांची माणसं निषेध म्हणून उठून गेली, आणि निषेध कशाचा करायचा हे ठरवायला देवळामागे जाऊन बसली. गटविकास अधिकाऱ्यांनी मला बोलावून विचारलं, "एक नाव लिहून आणायला तुम्हाला सात महिने लागतात?" आणि हातात कारणे दाखवा नोटीस ठेवली. मी कारणं दाखवणार होतो. कारणं मला तोंडपाठ होती, त्यांची आडनावंसुद्धा.

म्हणून चौथ्या वेळी मी डोकं चालवलं. दोन्ही बाजूंची एकेक चिठ्ठी टाकायची आणि निघेल ते नाव मान्य करायचं. नंतर कोणी पलटू नये म्हणून ठराव मी आधीच लिहून ठेवला: 'सदर समितीच्या अध्यक्षपदी श्री.' आणि पुढे रिकामी जागा, त्यापुढे 'यांची सर्वानुमते निवड करण्यात येत आहे.' खाली सूचक म्हणून आबांची सही घेतली, अनुमोदक म्हणून तात्यांची. सभेला आलेल्या एकशे सात जणांच्या सह्या आणि अंगठे तर आमच्याकडे नेहमीच आधी घ्यायची पद्धत. सभा संपेपर्यंत कोण थांबतं? आबा आणि तात्या दोघांनीही हसत हसत सह्या केल्या होत्या. ते का हसत होते, हे मला तांब्या उलटा केल्यावर कळलं.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. आबांच्या पुतण्याने टेबलाला लाथ घातली. तात्यांच्या माणसांपैकी एकाने खुर्ची उचलली, तीच हातांची. तिचा एक हात तुटून माझ्या पायाशी येऊन पडला. "ठाण्यात चला, ठाण्यात!" असा गलका झाला. तंटामुक्तीच्या निवडीचा तंटा नोंदवायला दोन जीपगाड्या तालुक्याला निघाल्या आणि उरलेलं गाव कुठल्या जीपमध्ये कोण बसलं ते बघायला रस्त्यावर गेलं. दुपारचे साडेबारा वाजले होते. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मी, ती वही आणि सांडलेला चहा.

आणि गयाबाई.

गयाबाई शेंडगे भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. नवरा पुण्याला बांधकामावर. जून महिन्यापासून ती दर पंधरा दिवसांनी माझ्यापुढे उभी राहत होती आणि तिला बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची, हे खरं सांगतो. काम एकच. गावात शाळा सातवीपर्यंत होती. तिची मुलगी मनीषा आठवीला शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाणार होती, आणि ओढ्याच्या वाटेवर दारूचा गुत्ता होता. गुत्ता चालवत होता आबांचा पुतण्या आणि जागा होती तात्यांची. एवढ्या एका बाबतीत गावात एकी होती. जुलैत एका बेवड्याने मनीषाच्या सायकलचं हँडल धरलं. त्या दिवसापासून गयाबाईने पोरीला घरी बसवलं. "गुत्ता हलला की पोरगी शाळंत जाईल," एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि माझं उत्तरही ठरलेलं होतं: "समिती होऊ द्या, बाई. अध्यक्ष झाला की पहिला अर्ज तुमचा."

आताही ती उठून टेबलाशी आली. मी तुटलेला खुर्चीचा हात खुर्चीवर ठेवत होतो, का ते विचारू नका.

"झाली का वो समिती?" तिने विचारलं.

"डोळ्यांनी बघितलंत ना? कशी होईल? हे गाव आहे का काय आहे? चार सभा! चार! एक माणूस निवडता येत नाही यांना. तुम्ही पण जा घरी. मला तहकूब लिहायचंय."

"सह्या तर झाल्यात की."

"कसल्या?"

"समद्यांच्या. म्या बी अंगठा दिला." तिने वहीकडे बोट केलं. "आबांनी केली, तात्यांनी केली. मग आता काय ऱ्हायलं?"

"नाव राहिलं!"

"मग लिवा की कुनाचं तरी."

मी वहीकडे बघितलं. सूचक, अनुमोदक, एकशे सात सह्या, सर्वानुमते. मधे चार बोटं रिकामी जागा. सात महिने डोळ्यांपुढे आले. आबा, तात्या, साहेबांची नोटीस, तो सांडलेला चहा. माझ्या हातात पेन होतंच.

"कुणाचं लिहू?" मी ओरडलो. "तुमचं लिहू?"

मला वाटलं, ती घाबरेल. तिने वहीतल्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग म्हणाली, "अध्यक्षाला काय करावं लागतंय?"

"तक्रारी नोंदवायच्या. मिटवायच्या. मिटत नसल्या तर पोलिसांना कळवायचं."

"त्ये येतंय मला. लिवा."

आजही मला नीट सांगता येत नाही, की मी ते गावावर सूड म्हणून केलं, नोटिशीच्या भीतीने केलं, की निव्वळ वैतागून. तिच्यासाठी केलं असं म्हणायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. मी पेन टेकवलं आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"अर्जावर हाय की."

"कुठल्या अर्जावर?"

"माझ्या. तुमच्या ड्रावरात हाय न्हवं का?"

सात महिने ती बाई माझ्यापुढे उभी राहत होती आणि मला तिचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. मी ड्रॉवर उघडला. जन्माचे दाखले, नळपट्टीच्या पावत्या, आणि सगळ्यात खाली तो अर्ज. घडी जशी दिली होती तशीच. मी ती मोडलेलीसुद्धा नव्हती.

अक्षर गयाबाईचं नव्हतं. शाळेत शिकवतात तसं डाव्या बाजूला समास सोडून, 'विषय' या शब्दाखाली लाल पेनाने पट्टीने रेघ मारलेली. मनीषाने लिहिला होता. अर्जदार: गयाबाई महादू शेंडगे. तारीख अकरा जून. मी तेवढंच बघून नाव लिहिणार होतो, पण नजर खाली गेली.

'माझी आई दोन वेळा पोलीस ठाण्यात जाऊन आली. तिथले साहेब चांगले बोलले. ते म्हणाले की, गावच्या ग्रामसेवकाचे एक पत्र आणा, आम्ही लगेच येतो. तरी आपण एक पत्र द्यावे ही विनंती. माझी शाळा सोळा जूनला सुरू होणार आहे.'

समितीचा त्यात एक शब्दही नव्हता. अध्यक्षाचा नव्हता. तिला माझं एक पत्र हवं होतं. लेटरहेड माझ्यापुढे होतं, शिक्का माझ्यापुढे होता. पाच मिनिटांचं काम.

"बाई, हे पत्राचं तुम्ही बोलला नाहीत कधी," मी म्हणालो.

"पैल्याच दिशी बोलाया लागले हुते. तुमी म्हनला, समिती होऊ द्या. मला वाटलं, तसा कायदा आसंल."

ती हे रागाने म्हणाली नाही. तिने मला टोचून बोलायला हवं होतं असं वाटलं, इतक्या साधेपणाने ती बोलली. मी मान खाली घालून वहीत लिहिलं. 'श्री.'च्या टिंबावरच 'मती' चढवावं लागलं. श्रीमती गयाबाई महादू शेंडगे. नोकरीत मी केलेलं तेवढं एकच बेकायदेशीर काम, आणि तेही सर्वानुमते.

ठराव मी त्याच संध्याकाळी फलकावर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आबा आणि तात्या दोघेही कार्यालयात हजर. दोघे एका दारातून आत आले, हीसुद्धा गावाच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

"ही काय थट्टा लावलीया?" आबा गरजले. "खिचडीवाली बाई आमच्यावर अध्यक्ष?"

"तुम्हीच सूचक आहात, आबा."

"म्या न्हाई सुचवली!"

"सही खोटी आहे का? तसं लिहून द्या. मग सही कशी झाली, ते सगळं साहेबांना कळवावं लागेल. तांब्यातल्या चिठ्ठ्यांसकट."

आबांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी छताकडे. चिठ्ठ्या मी पाकिटात घालून ठेवल्या होत्या, ते पाकीट मी टेबलावर ठेवलं. खरं तर चौकशी झाली असती तर त्या दोघांच्या आधी मी घरी गेलो असतो. पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटी तात्या म्हणाले, "आसू द्या आबा. तुमच्या भावापरीस बरी."

"आन् तुझ्या चुलतभावापरीस लाखपट बरी," आबा म्हणाले.

अशा रीतीने कवठवाडीत निवड बिनविरोध झाली. तालुक्याला त्याचं कौतुक झालं. गटविकास अधिकाऱ्यांनी नोटीस मागे घेतली आणि म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं."

तिसऱ्या दिवशी शाळेतली खिचडी उरकून गयाबाई आली. पदराला हळद लागलेली होती. पोलीस पाटलांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, म्हणून तक्रारींची वही लिहायचं काम माझ्याकडे होतं. नवी कोरी वही मी उघडली. अनुक्रमांक, तक्रारदार, कोणाविरुद्ध, तंट्याचं स्वरूप, आणि शेवटी मोठा रकाना: मिटल्याची तारीख व तक्रारदाराची सही.

"हं," मी म्हणालो. "एक नंबर. ओढ्याच्या वाटेवरचा गुत्ता."

"त्यो दोन नंबरला घ्या."

"मग एकला काय?"

"तक्रारदार मीच. लिवा, गयाबाई महादू शेंडगे."

मी लिहिलं.

"कोणाविरुद्ध?"

"गरामसेवक."

माझं पेन थांबलं. मी वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, पण भांडणाच्या नजरेने नाही. चुलीवर पाणी उकळायची वाट बघत बसावं, तशी बसली होती.

"बाई, मी तुम्हाला अध्यक्ष केलं," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा. "माझी नोकरी पणाला लावली मी! आणि माझ्यावरच?"

"त्येचं उपकार हायतच. पन अध्यक्ष व्हायच्या आदीची तक्रार हाय ही." मग तिने सावकाश सांगितलं, आणि मी माझ्याच हाताने लिहिलं: 'अकरा जूनला अर्ज दिला. सात महिने वाचला नाही. मुलीचे नाव हायस्कुलातून कमी झाले. मुलीचे वर्ष गेले.'

नाव कमी झाल्याचं मला तेव्हाच कळलं. डिसेंबरात झालं होतं. "मला सांगितलं का नाही?" असं विचारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"मागणी काय लिहू?"

"तुमी सोता जायाचं हायस्कुलात. नाव परत घालायचं. आन् दोन नंबरचं पत्र आत्ताच लिवायचं, म्या हितंच बसते."

पत्र मी पाच मिनिटांत लिहिलं. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं.

चौथ्या दिवशी जमादार आला. गुत्त्याच्या जागेवर गयाबाई आधीच जाऊन बसली होती, शाळेतल्या दोन मदतनिसांना घेऊन. आबांचा पुतण्या आरडाओरडा करायला लागला तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या चुलत्यानंच मला सुचवलंय. इचार त्यास्नी." तात्यांना म्हणाली, "तुमी अनुमोदन दिलंय, जागा बी तुमची, तवा छप्पर तुमीच उतरवा." तात्यांनी चार गडी लावून छप्पर उतरवलं. बाकीच्या गावाला वाटत होतं की दोघांनी मागाहून समेट केला आणि हे सगळं सर्वानुमते चाललंय, आणि ते दोघे तरी काय सांगणार?

हायस्कुलात मी गेलो. मुख्याध्यापकांनी हजेरीपट पुढे केला, गैरहजेरीच्या सगळ्या खुणा दाखवल्या आणि म्हणाले, "नाव घालतो. पण हे वर्ष नाही धरता येणार. जूनपासून पुन्हा आठवी." मी वाद घातला, शासनाचे दोन-तीन नियम सांगितले, त्यातला एक तिथेच बनवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. मनीषा दाराशी उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे माझ्या मैत्रिणी नववीत जाणार?" मी हो म्हणालो. 

जूनमध्ये ती ओढ्याच्या वाटेने सायकलवर जायला लागली. मी कधी समोरून आलो तर ती घंटी वाजवायची. ती वाटेतून बाजूला व्हा म्हणून वाजवायची की नमस्कार म्हणून, ते मी ठरवू शकलो नाही.

दीड वर्षाने माझी बदली झाली. तोवर वहीत अठ्ठावीस तंटे नोंदले गेले होते. बांध, पाण्याची पाळी, एक सोडचिठ्ठी, आबा आणि तात्यांचे तर एकमेकांविरुद्ध चार. गयाबाई दोन्ही बाजूंना शाळेच्या ओट्यावर बसवायची आणि खिचडी होईपर्यंत उठू द्यायची नाही. सत्तावीस मिटले. सगळे मिटले की गावाला बक्षीस होतं, म्हणून आबा आणि तात्या मिळून माझ्याकडे आले. "भाऊसाहेब, त्यो एक नंबरचा तेवडा मिटवून घ्या. तुमचाच हाय."

जायच्या आदल्या दिवशी मी वही घेऊन शाळेत गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी तो रकाना तिच्यापुढे धरला.

"गयाबाई, उद्या जातोय मी. गुत्ता हलला. मनीषा नववीत गेली. नाव मी स्वतः घातलं. आता याच्यावर अंगठा द्या, म्हणजे गावाचंही काम होईल."

तिने हात पदराला पुसले. मला वाटलं, देते.

"त्ये वर्ष आलं का वो परत?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या." तिने ताट पुन्हा पुढे ओढलं. "आन् चा पिऊन जावा. दूध हाय आज."

चहा मी घेतला. गूळ जास्त पडला होता, तरी सगळा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी नव्या ग्रामसेवकाला चार्ज दिला. कपाट, शिक्के, दप्तर, हातांची खुर्ची एक, त्यापैकी हात एक. तंट्यांच्या वहीसमोर मी यादीत लिहिलं: दाखल अठ्ठावीस, मिटले सत्तावीस, प्रलंबित एक. तो तरुण होता, उत्साही होता. त्याने विचारलं, "साहेब, एवढे सगळे मिटवलेत, मग हा एक कोणाचा राहिला?"

"माझा," मी म्हणालो आणि यादीखाली सही केली.